वाडीचा हिशेब शहराच्या अंदाजपत्रकात

प्रति,
मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका,
विरार.

महोदय,


शेतीबद्दल पत्र लिहायचे तर ते कृषिमंत्र्यांना लिहावे, फार तर जिल्हाधिकाऱ्यांना. महापालिकेच्या आयुक्तांकडे लोक येतात ते रस्ते, गटारे, टँकर आणि अनधिकृत चाळींची गाऱ्हाणी घेऊन. तरीही हे पत्र मुद्दाम आपल्यालाच लिहीत आहे. वसईच्या वाडीत पुढली वीस वर्षे काय पिकेल हे आता बियाण्यावर आणि खतावर कमी, पाण्यावर जास्त अवलंबून आहे. पावसाचे पाणी कुठून वाहील, कुठे थांबेल, विहिरीत गोडे राहील की खारे होईल, या गोष्टी कृषी खात्याच्या हातात नाहीत. त्या आपल्या हातात आहेत.

शहराबाहेरच्या वाचकाला वसई म्हटले की किल्ला आणि लोकलची गर्दी आठवते. आपल्या हद्दीत आणि तिच्या लगत आजही दोन प्रकारची शेती नांदते आहे, हे अनेक वसईकरांनाही सांगावे लागते. रेल्वेच्या पश्चिमेला अर्नाळा, आगाशीपासून नंदाखाल, वाघोली, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज ते पापडी, सांडोरपर्यंत वाड्यांचा पट्टा आहे. केळी, नारळ, पानवेल, मोगरा, जाई, चाफा, अबोली, भाजीपाला हे सगळे तिथे काही गुंठ्यांत एकमेकांच्या सावलीला पिकते. इथली फुले पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात जातात. इथल्या बाया टोपल्या घेऊन लोकलने मुंबईच्या उपनगरांत भाजी विकायला जात आल्या आहेत, आणि आगाशीची सुकेळी तर जुन्या सरकारी गॅझेटियरपर्यंत पोचलेली. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराखाली पारोळ, मेढे, मांडवी, शिरसाड, उसगाव या बाजूला भाताची खाचरे आहेत. वारली, मल्हार कोळी, आगरी, कुणबी अशा घरांची ही शेती. ती पावसावर चालते आणि वर्षाचा तांदूळ घरात आणते.

पश्चिमेची वाडी असो की पूर्वेचे खाचर, मालक छोटाच. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराच्या वाट्याला सरासरी १.३४ हेक्टर जमीन होती. वसईत हेक्टरची भाषा कोणी बोलतच नाही, इथे हिशेब गुंठ्यांचा. छोट्या शेतकऱ्याकडे चूक झाली तर सावरायला दुसरे रान नसते. म्हणून हवामान बदलले की पहिला फटका त्याला बसतो.

हवामान बदलले आहे, आणि ते नोंदींवरून दाखवता येते. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोचला. त्याची सरासरी तारीख ११ जून. इतक्या लवकर तो आल्याची नोंद नव्हती. उलट्या टोकाला, हवामान खात्याने २०२० मध्ये सरासरी तारखा नव्याने काढल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. कागदावर हा नऊ दिवसांचा फरक. पण हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, भात कापणीला येते ते नेमके याच दिवसांत. दसऱ्याच्या आगेमागे कापून आडवे टाकलेले भात चार दिवस कडक ऊन मागते, आणि हल्ली त्या चार दिवसांत पाऊस येतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळे एकाच वेळी फिरत होती. त्या पावसात कोकणात कापलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर गेले आणि केळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला, म्हणजे भाजीच्या ऐन हंगामात, दिवसभर पाऊस पडला.

ही एखाद्या वाईट वर्षाची गोष्ट नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०२१ मधल्या अभ्यासात असे दिसले की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. याच संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या २०१७ च्या अभ्यासाने पश्चिम किनाऱ्यापासून मध्य भारतापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे दाखवले. अरबी समुद्र तापतो, जास्त बाष्प सोडतो आणि ते थोड्या तासांत आपल्या डोक्यावर रिते होते. वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो पडण्याची रीत बदलली. शेतीला एकूण पावसापेक्षा त्याची रीत महत्त्वाची असते.

या बदलाशी जुळवून घेण्यासाठी सरकारच्या योजना आहेत. पण वसईचा शेतकरी त्यांच्या चौकटीत नीट बसत नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ही महापालिका झाली. त्यातल्या २९ गावांवरून पुढे आंदोलने, २०११ ची अधिसूचना आणि न्यायालयातला दीर्घ वाद झाला. गावे आत हवीत की बाहेर, हा वाद या पत्रात मला उकरायचा नाही. प्रश्न असा की ग्रामपंचायत गेली तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय गेले?

तालुका कृषी अधिकारी राहिले, सातबारा राहिला, त्यावर मिळणाऱ्या योजनाही राहिल्या. गेले ते गावपातळीचे सगळे. महापालिकेच्या हद्दीत जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे अधिकार चालत नाहीत, त्यामुळे त्यांच्या सेसमधून, म्हणजे उपकरातून, मिळणारी अवजारे, पंप, ताडपत्र्या संपल्या. रोजगार हमी ही ग्रामीण कुटुंबांसाठी; त्यामुळे तिच्यातून होणारी विहीर, शेततळे, बांधबंदिस्ती, फळबाग लागवड इथल्या शेतकऱ्याला नाही. केंद्राच्या योजनेनुसार पर्जन्यमापक ग्रामपंचायतीगणिक बसवायचे आहेत. ज्या गावात ग्रामपंचायतच उरली नाही तिथे ते कुठे बसणार? जागतिक बँकेच्या मदतीने राज्याने २०१८ पासून हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबवला. त्याच्या पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील गावे होती. कोकणातला एकही जिल्हा नव्हता. खेड्यांच्या यादीतून शहर म्हणून वगळलेला आणि शहराच्या यादीत शेतकरी म्हणून न मोजलेला, असा हा माणूस आहे.

नुकसानभरपाईचे पाहा. सरकारी निकषात पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेले तर मदत मिळते. भाताच्या सलग खाचरात हे मोजता येते. पण बांधाला केळी, मधे मोगऱ्याच्या ओळी आणि त्यांच्यामधे माठ-मुळा अशी वाडी असेल, तर पंचनामा कशाचा करायचा? सातबाऱ्यावर तीस वर्षांपूर्वीचा पीकपेरा चालू असतो, नावावर सहा सहहिस्सेदार असतात आणि कसणारा सातवाच असतो. इथे शेतकऱ्याचाही वाटा आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. मोबाइलवरून मिश्र पीकही नोंदवता येते. ती नोंद वाडीवाल्यांनी हंगामात केलीच पाहिजे, नंतर तक्रार करून उपयोग नाही. पण ज्या घरात साठीचे आईवडील वाडी पाहतात आणि मुले चर्चगेटच्या गाडीत असतात, तिथे ही नोंद शिकवायला कोणी तरी दारात यावे लागते. तो माणूस कोण पाठवणार?

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे पाण्याकडे येतो.

वसईचा पश्चिम पट्टा एके काळी बेट होता. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला सोपाऱ्याची खाडी. अशा जमिनीत पावसाचे गोडे पाणी खाली मुरते आणि समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर तेलासारखे तरंगत राहते. विहिरीत येते ते हेच. भूजलशास्त्राचे जुने सूत्र सांगते की गोड्या पाण्याची पातळी एक फुटाने उतरली तर खालची खाऱ्याची हद्द सुमारे चाळीस फूट वर सरकते. उपसा जास्त आणि मुरवण कमी झाली की विहीर आटत नाही, ती खारी होते. आटलेली विहीर पुढच्या पावसात भरते. खारी झालेली पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात. पाणी मचूळ झाले की केळीच्या पानांच्या कडा करपतात, पानवेल मान टाकते आणि मोगऱ्याची कळी बारीक होते.

आपल्या पूर्वजांनी यावर काढलेला उपाय म्हणजे बावखल. वाडीच्या सखल बाजूला हाताने खणलेले, न बांधलेले, मातीच्या काठाचे तळे. पावसाळ्यात वाडीचे पाणी त्यात उतरायचे, तिथून जमिनीत मुरायचे. पुढे रहाटाने तेच वर येऊन पाटाने झाडांना जायचे. अतिवृष्टी झाली की बावखल पाणी पोटात घ्यायचे आणि पाऊस ओढला की द्यायचे. हवामान बदलाशी जुळवून घ्या असे आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात. वसईत त्याचे साधन शेकडो वर्षे तयार होते. त्यातली कितीतरी बावखले भराव घालून बुजवली गेली. काहींवर इमारती आल्या, काहींत सांडपाणी सुटले, काही कचऱ्याने भरली. उरलेली अजून वाचवता येतात, आणि काही गावांत तरुणांनी श्रमदानाने ती साफ करून दाखवलीही आहेत.

पाण्याची ही लढाई जुनी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली, ती वाड्यांतल्या विहिरी टँकरने उपसल्या जाण्याविरुद्ध आणि हिरव्या पट्ट्यावर येणाऱ्या बांधकामांविरुद्ध. १९९० मध्ये सिडको इथली नियोजन प्राधिकरण झाली, आणि तो संघर्ष अधिकच तीव्र झाला. पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्यांच्याबद्दल आपल्या शहरात आदराचे पुष्कळ शब्द बोलले गेले. त्यांची मूळ मागणी साधी होती: जमिनीत जितके मुरते त्याहून जास्त उपसू नका. ती अजून उभीच आहे.

आणि हा प्रश्न फक्त शेतकऱ्याचा नाही. जुलै २०१८ आठवा. ९ आणि १० तारखेला नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, पश्चिम रेल्वे ठप्प झाली, मिठागरांत शेकडो माणसे अडकली, घराघरांत पाणी शिरले. त्यानंतर महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून कारणे तपासून घेतली. त्यांनी सुचवलेल्या उपायांत धारण तलाव होते, म्हणजे मुसळधार पावसाचे पाणी भरतीच्या वेळी धरून ठेवायची आणि ओहोटीला सोडायची जागा. खाचर, मिठागर, खाजण (खाडीकाठची सखल खारजमीन) आणि बावखल हेच काम फुकट करत होती. ती भरून टाकायची आणि मग तेच काम करणारा तलाव निविदा काढून बांधायचा, यात शहाणपण कोणते? पूर्वेकडे महामार्ग, मालवाहू रेल्वे आणि द्रुतगती मार्गांचे उंच भराव पडत आहेत. डोंगरावरून खाडीकडे जाणारे पाणी त्यांना अडते आणि बाजूच्या खाचरात तुंबते. त्या भरावांखालच्या मोऱ्या पुरेशा रुंद आहेत की नाहीत, हे पावसाळ्यापूर्वी पाहण्याचा आग्रह महापालिकेने धरायला हवा; ते बांधकाम दुसऱ्या यंत्रणेचे असले तरी बुडणारी माणसे आपली आहेत.

खाडीकाठच्या खारबंदिस्तीचीही तीच कथा. बांध आणि उघाडी, म्हणजे बांधातले पाणी सोडायचे दार, नीट असेल तर भरतीचे खारे पाणी बाहेर राहते आणि पावसाचे पाणी ओहोटीला निघून जाते. उघाडी मोडली की शेतात खार शिरतो आणि जमीन पडीक होते. पडीक जमिनीवर भराव पडायला वेळ लागत नाही. गोव्यात खाजणांचे बांध आणि त्यांचे दरवाजे सांभाळण्याची जबाबदारी गावसंस्थांवर होती आणि त्यासाठी उत्पन्नाचा वाटा ठरलेला होता. आपल्याकडे १९७९ चा खार जमीन विकास कायदा आहे, खातेही आहे. पण उघाडीच्या तोंडाशी साचणारा गाळ आणि प्लास्टिक शहरातून येते. तेव्हा खाते आणि महापालिका या दोघांनी मिळून वर्षातून एकदा, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, प्रत्येक उघाडी पाहावी. इतके तरी होऊ शकते.

शेतकऱ्याने स्वतः काय करायचे, हेही सांगतो, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. भातासाठी डॉ. ना. के. सावंत यांची चारसूत्री पद्धत कोकणाच्या पावसातूनच आली. भाताचा पेंढा-तूस पुन्हा जमिनीला देणे, गिरिपुष्पाचा पाला गाडणे, नियंत्रित अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधे खोल खोचणे. शेवटचे सूत्र आज अधिकच मोलाचे आहे. फेकलेला युरिया एका मुसळधार पावसात ओढ्याला जातो, खोचलेली गोळी राहते. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात गादीवाफे एकदा केले की दरवर्षीची चिखलणी आणि लावणी टळते, मुळे जमिनीतच कुजून तिचा पोत सुधारतो आणि मजुरांची ओढाताण कमी होते. मात्र त्यात तणनाशकावर भिस्त असते. विहिरीच्या आणि बावखलाच्या जवळ ते फार जपून वापरावे लागेल. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ अशा भातजाती दिल्या आहेत. सगळे रान हळव्याचे न ठेवता थोडे निमगरवे, थोडे गरवे, म्हणजे उशिरा तयार होणारे, केले तर ऑक्टोबरचा एक पाऊस सगळे पीक नेत नाही.

वाडीत उंच गादीवाफे, त्यांच्यामधून पाणी काढणारे चर, वाऱ्याच्या बाजूला बांबू किंवा सुरूची ओळ, केळीला टेकू, जमिनीवर पेंढ्याचे आच्छादन आणि ठिबक. यात नवलाचे काही नाही. वसईची मिश्र वाडी मुळातच विम्यासारखी काम करते. फूल गेले तर भाजी, भाजी गेली तर नारळ. पण फक्त मोगऱ्याचे किंवा फक्त एका भाजीचे रान करण्याकडे कल वाढला आहे, आणि तो धोक्याचा आहे. हे ज्ञान लांब नाही. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. अंतर आहे ते कोसबाड आणि भुईगावच्या मधले, आणि ते किलोमीटरचे नाही. शहरात शेतकरी आहे हेच तिथवर कोणी अधिकृतपणे कळवत नाही.

यावर आपल्या दालनात निघणारा आक्षेप मला ठाऊक आहे. शेतकरीच जमीन विकतात, त्यांच्या मुलांनाच शेती नको आहे, मग महापालिकेने कोणासाठी हे करायचे? आक्षेप खोटा नाही. गुंठ्याला इमारतीचा भाव आणि मोगऱ्याचा भाव यांची तुलनाच होत नाही, आणि जमीन विकणाऱ्या प्रत्येकाला लोभी म्हणणे अन्यायाचे ठरेल. विहीर खारी झाली, शेजारच्या भरावाचे पाणी वाडीत तुंबले, मजूर मिळेनासा झाला की माणूस विकतो. यातली पहिली दोन कारणे शहराने निर्माण केलेली आहेत. ती दूर करा आणि मगही कोणी विकले तर त्याचा दोष त्याला द्या. शिवाय न विकणारेही आहेत, आणि शहराच्या पुराचे पाणी त्यांची वाडी फुकट झेलते आहे.

शहराने शेती सांभाळणे ही अशक्य कल्पना नाही. अर्जेंटिनातल्या रोसारियो शहराने २००१ च्या आर्थिक पडझडीनंतर नगरपालिकेच्या मोकळ्या जमिनी भाजी पिकवणाऱ्यांना कसायला दिल्या, बाजार मिळवून दिला, तंत्रज्ञ नेमले. पुढे पूर आणि उष्णता कमी करण्याचे साधन म्हणूनही त्या शेतीकडे पाहिले जाऊ लागले. २०२१ मध्ये या कामाला शहरांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याच देशात कोलकात्याच्या पूर्वेच्या पाणथळी शहराचे सांडपाणी घेऊन मासे आणि भाजी देतात. २००२ पासून त्यांना आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा आहे.

एक गोष्ट नैतिकतेची आहे. आपल्या शहराच्या नळाला येणारे सूर्या प्रकल्पाचे पाणी मुळात जिल्ह्यातल्या शेतीच्या सिंचनासाठी आखलेल्या धरणांतून येते. शहराने शेतकऱ्यांचे पाणी पिण्यासाठी घेतले. त्याची गरज मी नाकारत नाही. पण जे शहर शेतकऱ्यांकडून घेते, ते आपल्या हद्दीतल्या शेतकऱ्याचेही काही देणे लागते.

म्हणून या मागण्या. त्या मोठ्या खर्चाच्या नाहीत.

पहिली, बावखलांची नोंदवही करा. सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, खोली, सरकारी की खाजगी, हे सारे लिहून ती लोकांसाठी खुली ठेवा. आधीच्या विकास आराखड्याची मुदत २०२१ ला संपली आहे. नव्या आराखड्यात प्रत्येक बावखल जलसाठा म्हणून दाखवा. खाजगी जागेतले बावखल राखणाऱ्याला घरपट्टीत सवलत द्या, आणि बुजवणाऱ्याला बांधकाम परवानगी देऊ नका. सार्वजनिक तळी बळकावण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २०११ मध्येच कडक निकाल दिला आहे.

दुसरी, सखल भागात बांधकामाला परवानगी देण्याआधी एका प्रश्नाचे लेखी उत्तर घ्या: या जागेवर आज थांबणारे पाणी उद्या कोणाच्या वाडीत जाणार? ओढे, नाले आणि उघाड्यांची तोंडे मेअखेरीला नव्हे, मेच्या मध्याला मोकळी करा. पाऊस आता लवकर येतो.

तिसरी, महापालिकेत एक छोटा शेती कक्ष उघडा. एक कृषी पदवीधर अधिकारी आणि दोन सहायक पुरे. कोसबाड आणि दापोलीशी करार, प्रत्येक प्रभागात पर्जन्यमापक, विहिरींच्या पाण्याची वर्षातून दोनदा क्षारतपासणी, ई-पीक पाहणीची मदत आणि नुकसान झाल्यावर तलाठी व कृषी सहायकांबरोबर तातडीने पंचनामा, एवढे काम त्याने करावे. क्षारतपासणीचे आकडे आपल्या वार्षिक पर्यावरण स्थिती अहवालात छापावेत.

चौथी, मंडईचा आणि घरांचा ओला कचरा वेगळा घेऊन त्याचे तपासलेले कंपोस्ट वाड्यांना द्या. गोखिवऱ्याचा कचऱ्याचा डोंगर तेवढाच कमी वाढेल आणि महागड्या खताचा खर्चही वाचेल. मिश्र कचऱ्याचे खत मात्र देऊ नका, त्यातले काच आणि जड धातू जमिनीत राहतात.

पाचवी, स्थानिक भाजी-फूल विकणाऱ्या बायांना प्रत्येक स्टेशनाबाहेर आणि मंडईत छपराखालचे ओटे राखून ठेवा. रस्त्यावरच्या फेरीवाल्या म्हणून त्यांना हाकलण्याआधी, त्या स्वतःच्या वाडीतले पीक विकत आहेत का एवढे विचारा.

हवामान बदल थांबवणे आपल्या किंवा माझ्या हातात नाही. पाणी कुठे मुरेल हे ठरवणे आपल्या हातात आहे. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर होती आणि आता ती कितीतरी वाढली आहे. या सगळ्यांना पावसाळ्यात कोरडे आणि उन्हाळ्यात ओले ठेवायचे असेल, तर वाड्या आणि खाचरे ही इमारतींची वाट पाहणारी मोकळी जमीन आहे, हा समज आधी आपल्या नगररचना विभागाने सोडला पाहिजे.

येत्या अंदाजपत्रकात ‘शेती’ या नावाने एक स्वतंत्र शीर्ष उघडा. रक्कम लहान असली तरी चालेल. आणि वाचकहो, ज्यांची वाडी नाही पण घर वसईत आहे, त्यांनीही आपल्या नगरसेवकाला याच मागणीचे पत्र लिहावे. पुराचे पाणी सातबारा बघून घरात शिरत नाही.

आपला,
एक वसईकर